तेरावी कादंबरी कुणी लिहिली असेल?

तीर्थस्वरूप सौ. वहिनीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (एवढं औपचारिक दादासाठी. पाकीट तोच फोडतो. दादा, पुढची सगळी पानं आमच्या ग्रंथालयाच्या कारभाराविषयी आहेत, तेव्हा पत्र वहिनीकडे दे आणि फिरायला जा.) वहिनी, तुझा गुडघा कसा आहे? जिना उलटा उतरला की दुखत नाही असं तुला कुणीतरी सांगितल्याचं मागच्या पत्रात होतं. अजून तशीच उतरतेस का, आणि पडलीस का, ते कळव. दादाचं वजन कमी झालं असेल तर आनंद आहे. झालं नसेल तर निदान तो ओळखू येईल. माझं ठीक. मान दुखते. महिन्याभरात तेरा प्रेमकादंबऱ्या वाचल्या की मान दुखते, हे मला या वयात कळलं.

मी आणि प्रेमकादंबऱ्या, असं तू म्हणशील. झालं असं, की गेल्या वर्षी आमचे एकशे चाळीस सभासद गळले. (गळले हा शब्द आमच्या अध्यक्षांचा. ते दातांचे डॉक्टर आहेत.) समितीची बैठक झाली. लोक वाचत का नाहीत यावर दीड तास चर्चा होऊन असं ठरलं, की लोकांना प्रेम हवं असतं. लगेच नव्या प्रेमकादंबऱ्या मागवल्या, दाराजवळचं कपाट रिकामं करून त्यात लावल्या, आणि शिफारशीचं काम माझ्याकडे आलं. येणाऱ्या प्रत्येक वाचकाला एक तरी नवी प्रेमकादंबरी सुचवायची, पुस्तकात शिफारशीची चिठ्ठी घालायची आणि सुचवताना हसायचं. हसण्याचं इतिवृत्तात नोंदवलेलं आहे, ठराव क्रमांक चार. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी नकाशे, कोश आणि प्रवासवर्णनं सुचवली. त्यासाठी कुणी माझ्याकडून हसू मागितलं नव्हतं.

पहिली चिठ्ठी मी लिहिली ती अशी: ‘पाने २१२. बांधणी मजबूत. नायक-नायिका पान ९ वर भेटतात, पान ४० वर भांडतात, पान २०६ वर समेट.’ अध्यक्ष म्हणाले, बाई, शेवट कशाला सांगितलात? मी म्हटलं, सगळ्यांचा तोच आहे. ते नाराज होऊन दवाखान्यात गेले. पण नवल असं, की ती कादंबरी त्याच दिवशी गेली. नेली आमच्या नर्सबाईंनी. (सरकारी रुग्णालयात असतात, आवाज वॉर्डाच्या दोन्ही टोकांना पुरेल असा.) मी विचारलं, शेवट माहीत असून नेता? त्या म्हणाल्या, ‘दिवसभर आता काय होतंय, आता काय होतंय, यातच जीव जातो. घरी गेल्यावर तरी कळलेलं असू दे.’ हे मला कधी सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी वाचकांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. कोण काय नेतो हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं. का नेतो, ते मी विचारलंच नव्हतं.

मग मी पद्धतशीर जायचं ठरवलं आणि फसले. ज्याचा जो व्यवसाय त्याला त्या व्यवसायाची कादंबरी, असा माझा हिशेब. नर्सबाईंना नर्सची दिली. दुसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर आपटलं. ‘नायक पेशंट आहे, आणि ही त्याची नाडी धरून अठरा पानं बसलीय. बाकीचा वॉर्ड काय मेला?’ गाडी चालवायला शिकवतात ते मास्तर माहीत आहेत ना, ज्यांच्या गाडीला दोन ब्रेक असतात? त्यांना विमानतळावर नायकाला अडवायला गाडी पळवणाऱ्या नायिकेची दिली. त्यांनी समासात पेन्सिलीने खुणा करून परत आणली. ‘बाई, ही रडत रडत चौथ्या गिअरमध्ये वळण घेते. आरशात एकदाही बघत नाही. हिला लायसन्स दिलं कुणी?’ मी विचारलं, आणि त्यातलं प्रेम? ‘प्रेम आहे ठीक. पण आरसा?’ शेवटी मी दोघांची पुस्तकं अदलाबदल केली. नर्सबाई गाडीच्या कादंबरीवर रडल्या. मास्तर नर्सची कादंबरी परत करताना घुटमळले आणि हळूच विचारलं, नाडी धरल्यावर ती खरंच जलद होते का हो? म्हणजे माणसाला स्वतःचं काम सोडून दुसऱ्या कुणाच्याही कामावर विश्वास ठेवता येतो. (हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. समितीला सांगणार नाही.)

आता मुद्द्यावर येते. तेरावी कादंबरी. मी सगळ्या अथपासून इतिपर्यंत वाचत होते असं समजू नकोस. पहिली तीन प्रकरणं आणि शेवटचं, एवढ्यावर चिठ्ठी लिहिता येते. तेराव्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं नायिकेच्या माहेरी घडतात. शेवटच्या प्रकरणात नायक तळ्यात उडी मारून कुणाला तरी वाचवतो आणि ओला होऊन नायिकेकडे बघतो. मी चिठ्ठी लिहिली: ‘अवश्य वाचा. सासरची माणसं चांगली.’ आणि सूचनाफलकावरही लावली. आठ दिवसांनी नर्सबाई पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सासरची माणसं चांगली? ती लोखंडी नणंद चांगली? तुम्ही वाचलंय का हे? म्हणून मी चौथ्या प्रकरणापासून वाचायला बसले.

वहिनी, तुझं वाचन दांडगं आहे म्हणून तुला विचारते. ही कुणी लिहिली असेल? नाव टोपण असावं. मागच्या पानावर लेखिकेच्या फोटोच्या जागी एका कुंडीचा फोटो आहे, आणि कुंडीला डाव्या बाजूला तडा आहे, थेट तुझ्या बाल्कनीतल्यासारखा. योगायोग असेल. नायक विचार करताना कानात बोट घालतो. असे नायक चालतात का हल्ली? (दादासारखाच म्हणावं, तर हा नायक तळ्यात उडी मारतो. आपला दादा पायरीवर बसून नुसते पाय बुडवायचे असले तरी आधी घड्याळ काढून खिशात ठेवतो.) आणि नणंद स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावते. नवी नवरी मीठ शोधते आणि तिला सापडत नाही, यावर अडीच पानं आहेत, तीही रडकी. मीठ म मध्ये, साखर स मध्ये. यात लोखंडी काय आहे? शोधणाऱ्याला वर्णमाला येत असली म्हणजे झालं. असो. आमच्या वाचकांनी तिला ‘लोखंडी नणंद’ हे नाव देऊन टाकलं आहे. टेबलाशी उभे राहून माझ्यासमोर तिच्याविषयी बोलतात, आणि ठराव क्रमांक चारप्रमाणे मी हसते.

इथपर्यंत मी सहन केलं असतं. नवव्या प्रकरणात मात्र नणंद डोळे तपासायला जाते. पुस्तकात ती टेलिफोन ऑपरेटर आहे, आणि तपासणारा मोठ्या रुग्णालयातला उंच डॉक्टर आहे, धारदार नाकाचा. बाकी सगळं तेच. तपासणीच्या तक्त्यावर शेवटच्या छापील ओळीखाली त्याने कागदाची एक पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर, शेवटच्या ओळीच्याच मापात, हाताने लिहिलं आहे: माझ्याशी लग्न कराल का? तो म्हणतो, अगदी खालची ओळ वाचा. ती म्हणते, दिसत नाही. आणि लेखिका लिहिते, ‘तिला ती ओळ दिसली की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक.’ प्रकरण समाप्त.

तुला आठवत असेल, सव्वीस वर्षांपूर्वी मी चष्म्याच्या दुकानातून थेट घरी आले होते. तू पडद्याच्या कडा शिवत होतीस. हे सगळं मी तुला सांगितलं, जसं घडलं तसं, एकट्या तुला. ओळ दिसली होती, हेही सांगितलं. (का दिसत नाही म्हटलं, ते सांगितलं नव्हतं. ते मलाच धड माहीत नव्हतं.) तू म्हणालीस, माझ्या पोटात राहील. सव्वीस वर्षं राहिलं खरं, आणि आता अकराशे प्रतींत बाहेर आलं. चोरी झाली असणार. तुझ्याकडे हल्ली कुणाचं येणंजाणं असतं?

थट्टा बाजूला ठेवते. ती पट्टी लावणाऱ्या चष्मेवाल्यांचं तुला माहीत आहे. पुढे त्यांनी लग्न केलं, मुलगी झाली, ती शिकून लांब गेली, बायको चार वर्षांपूर्वी गेली. या सगळ्या काळात दर मंगळवारी ते पुस्तक बदलायला येतात. त्या दिवशी त्यांचं दुकान बंद असतं. मी शिक्का मारते, ते नमस्कार करतात, मी करते. माझा चष्माही त्यांच्याकडेच होतो. हे इतकं सुरळीत चाललं, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे मला ती ओळ दिसलीच नव्हती. कुणी विचारलं नाही, कुणी नाकारलं नाही. त्या न दिसण्यावर आमचा सव्वीस वर्षांचा नमस्कार उभा आहे. आणि या कादंबरीच्या राखीव यादीत पाचवं नाव त्यांचं. सूचनाफलकावरची माझी चिठ्ठी वाचून दिलेलं.

नव्या पुस्तकाची मुदत आठ दिवस. म्हणजे चौघांची वाचून होईपर्यंत महिनाभर माझ्या हातात होता. तो मी ताणला. कुणी न मागता मुदतवाढ दिली. ‘सावकाश वाचा’ असं मी एका वाचकाला म्हटलं, तर तो घाबरून दुसऱ्याच दिवशी पुस्तक घेऊन आला. त्याला वाटलं मी टोमणा मारला. मग कोरं पुस्तक बांधणीला पाठवलं. बाइंडर म्हणाला, याला झालंय काय? मी म्हटलं, होऊ नये म्हणून. तोवर चष्मेवाल्यांना दर मंगळवारी काहीतरी वेगळं सुचवत होते. पाणबुड्यांचा इतिहास दिला, मधमाशीपालन दिलं, घराच्या गच्चीची गळती कशी थांबवावी हे दिलं. ते सगळं वाचून परत आणत. ‘मधमाश्या बऱ्या होत्या,’ ते म्हणाले. ‘ती कादंबरी आली का?’ मी म्हटलं, अजून नाही. ते म्हणाले, ‘काही घाई नाही.’ त्या माणसाला घाई कधीच नसते, हीच अडचण आहे.

इकडे वाचकांत दोन तट पडले. नर्सबाई म्हणत, दिसली होती, सोंग करत होती. मास्तर म्हणत, शक्यच नाही. ‘माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना समोरचा ट्रक दिसत नाही, आणि हिला तेवढ्या लांबून मुंगीएवढी अक्षरं दिसणार?’ दोघं जुंपले की वर्तमानपत्रं वाचायला बसलेली माणसं खुर्च्या वळवून ऐकत. सभासद वाढले, वहिनी. नोंदवही साक्षीला आहे. तीन आठवड्यांत बावीस. आणि एका मंगळवारी, मास्तर पुस्तक परत करायला आले असताना, नर्सबाईंना सुचलं की वाद कशाला, प्रयोगच करू. तज्ज्ञ माणूस कपाटाशी उभाच आहे. चष्मेवाल्यांना बोलावलं. त्यांचं दुकान कोपऱ्यावरच, ते जाऊन तक्ता घेऊन आले. कशासाठी हवाय ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी भिंतीपासून सहा मीटर पावलांनी मोजले. आता वाचायला कुणाला बसवायचं? पुस्तकातल्या नणंदेचा नंबर उणे अडीच. ‘बाई, तुमचा किती हो?’ मी तोंड उघडायच्या आत चष्मेवाले म्हणाले, ‘उणे अडीच.’ (धंद्यातला माणूस. सगळ्या वस्तीचे नंबर पाठ असणार.)

मग नर्सबाईंनी त्यांना नववं प्रकरण सांगितलं. संपूर्ण. हातवाऱ्यांसह. मी शिक्क्यातली तारीख बदलत होते. ती सकाळीच बदललेली होती. चष्मेवाले तक्त्याची गुंडाळी छातीशी धरून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही, म्हणून त्यावर काय होतं ते सांगू शकत नाही. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, ‘तक्ता लावायची गरज नाही. तिने दिसत नाही म्हटल्यावर त्याने काच बदलली का? वाचा.’ मास्तरांनी पान काढलं आणि वाचलं: ‘ठीक आहे, तो म्हणाला. त्याने दिवा बंद केला आणि आहे तोच नंबर लिहून दिला.’ चष्मेवाले म्हणाले, ‘झालं तर. गिऱ्हाईक खालची ओळ दिसत नाही म्हणालं, की दुसरी काच लावून बघायची. हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्याने लावली नाही. म्हणजे काचा बरोबर होत्या, तिला दिसत होतं, आणि हे त्याला माहीत होतं.’

वहिनी, त्या दिवशी माझा नंबर बदललेला नव्हता. हे मीच तुला सांगितलं होतं, पुस्तकात छापून आलं, आणि तुझ्यामाझ्यासकट अकराशे प्रतींच्या एकाही वाचकाच्या लक्षात आलं नाही. सव्वीस वर्षं मी पुरावा नाकावर घालून फिरते आहे. मी त्यांना जपत होते, ते मला जपत होते, आणि मध्ये दर मंगळवारी तारखेचा शिक्का.

नर्सबाई उखडल्या. ‘माहीत होतं तर परत का नाही विचारलंन्? मुका होता?’ चष्मेवाले म्हणाले, ‘बाईंना दिसायला नको होतं. मग कशाला दाखवायचं?’ मास्तर माझ्याकडे वळले. बाई, तुमचं काय मत? ग्रंथपालाने वाचकांच्या वादात पडू नये असा नियम आहे; तो मीच केलेला आहे. मी म्हटलं, तिला दिसलं होतं. नर्सबाईंनी टेबलावर थाप मारली. मी म्हटलं, पण तिला वाटत होतं की एवढी गोष्ट माणसाने तोंडाने विचारावी. तक्त्यावरचं कुणीही वाचतं. तिच्या आधी त्या खुर्चीत एक गिऱ्हाईक बसून गेलं होतं, त्यानेही वाचलं असेल. हे बोलेपर्यंत मला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. चष्मेवाले पटकन म्हणाले, ‘छे, छे. त्याच्या वेळी पट्टी नव्हती. पट्टी नंतर लावली.’ आणि घाईघाईने तक्ता गुंडाळायला लागले, जो उलगडलेलाच नव्हता. मास्तरांनी पानं मागेपुढे केली. ‘हे तर यात कुठेच नाही,’ ते म्हणाले. ‘बाई, याची दुसरी आवृत्ती निघाली आहे का?’ नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, ‘चला मास्तर, मला गाडी मागे घ्यायला शिकवा.’ ‘तुमच्याकडे गाडी कुठे आहे?’ ‘चला म्हणते ना.’

पुस्तक टेबलावर राहिलं. राखीव यादीत अजून एक नाव त्यांच्या पुढे होतं. मी ते ओलांडलं. नोकरीत प्रथमच. शिक्का मारून पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, ‘अवश्य वाचा. सासरची माणसं चांगली’, आणि विचारलं, ‘तुम्ही लिहिलंय?’ मी हो म्हटलं. ‘मग वाचतो.’ मी म्हटलं, शेवट बरोबर नाही. ते म्हणाले, ‘बघू,’ आणि नमस्कार न करता गेले. सव्वीस वर्षांत हेही प्रथमच, आणि याचा अर्थ काय लावावा ते मला कळलेलं नाही. तुला कळला तर लिही.

तर ही कादंबरी कुणाची असावी, याचा तुझ्याकडून शोध घे. गुडघ्याला जप. दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र लांबलं, कारभारच तसा आहे.

तुझी,
(पुस्तकात आहे त्यापेक्षा बरीच मऊ) नणंद

ता. क. लेखिका कुठे भेटलीच, तर तिला सांग की माझा राग नाही. आणखी दोन प्रती मागवल्या आहेत. कुंडीला पाणी जास्त होतंय, फोटोत पानं पिवळी दिसतात. त्या मिठाबद्दल मात्र मी काही बोलणार नाही.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायचं राहून गेलं आणि मंगळवार आला. त्यांनी पुस्तक मुदतीत परत केलं आणि विचारलं. तोंडाने. चांगलं मोठ्याने, ‘शांतता राखा’च्या पाटीखाली उभं राहून. समोर सहाजण वर्तमानपत्रं वाचत होते. सहाही वर्तमानपत्रं खाली आली. मी काय उत्तर दिलं, ते मी तुला कळवणार नाही. तू छापशील.

ता. क. ३. नोंदणी कार्यालयात साक्षीदार तीन लागतात. नर्सबाई आणि मास्तर तयार आहेत. तिसरी तू. पुढच्या महिन्याची चौदा तारीख, सकाळी अकरा. ओळखपत्र मूळ आण, झेरॉक्स घेत नाहीत. दादाला काय आणि कसं सांगायचं ते तू ठरव. तुला वाक्यं बरी सुचतात.